टाळ्या लष्कराला, बिल कुणाला?

केरळात वायनाड जिल्ह्यात 30 जुलै 2024 च्या पहाटे डोंगर खचला. चूरलमला आणि मुंडक्कई यांच्यामधला पूल वाहून गेला आणि पलीकडे अडकलेल्यांपर्यंत जेसीबी न्यायची वाटच बंद झाली. बंगळुरूहून मद्रास इंजिनिअर ग्रुपचे जवान आले आणि साधारण 31 तासांत 190 फुटांचा, 24 टन वजन पेलणारा बेली पूल उभा करून मोकळे झाले. त्या पुलावर ताठ उभ्या असलेल्या मेजर सीता शेळके यांचा फोटो देशभर फिरला. मेजरबाई आपल्या नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्याच्या, म्हटल्यावर इकडच्या व्हॉट्सअॅपवर तर दोन दिवस दुसरा विषयच नव्हता.

पुढची बातमी मात्र फारशी फिरली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राकडून केरळ सरकारला पत्र गेलं. 2006 पासून वेळोवेळी हवाई दलानं जी मदत केली, तिचे 132 कोटी 62 लाख रुपये भरा! डिसेंबरात केरळचे खासदार संसदेच्या आवारात फलक घेऊन उभे राहिले. उच्च न्यायालयानंही केंद्राला विचारलं, इतकी जुनी बिलं आत्ताच कशी आठवली?

लष्कर मदतीचं बिल लावतं, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. लावतं, आणि नियमात बसवून लावतं.

आधी चिठ्ठी, मग पलटण

लष्कर आपणहून गावात येत नाही. जिल्हाधिकाऱ्यानं किंवा राज्य सरकारनं मागणी करावी लागते. कायदा-सुव्यवस्था, अत्यावश्यक सेवा, नैसर्गिक आपत्ती आणि इतर मदत असे या मागणीचे ठरलेले खाने आहेत. त्याचं पुस्तक आहे 1970 चं. लष्कराच्या 1987 च्या नियमावलीतही एक अख्खं प्रकरण यावरच आहे. खर्चाची वसुली कशी करायची, तेही लिहिलेलं आहे. दंगलीत जमाव पांगवायला लष्कर वापरायचं तर त्याची कलमं वेगळी. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आता नागरिक सुरक्षा संहितेत 149 आणि 150 या क्रमांकांवर बसली आहेत. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल, तर लष्करी अधिकारी स्वतः निर्णय घेऊ शकतो. पण संपर्क होताक्षणी सूत्रं पुन्हा दंडाधिकाऱ्याच्या हातात.

मुंबईनं हे 1982 च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. पोलिसांनीच आंदोलन पुकारलं, तेव्हा बंदोबस्ताला लष्कर बोलवावं लागलं. पोलिसांवर पोलीस कोण घालणार?

आणि घटनेतली गंमत अशी की राज्यात सैन्य तैनात करण्याचा विषय केंद्राच्या सूचीत सुरुवातीला स्पष्ट शब्दांत नव्हताच. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं तो ‘2अ’ म्हणून तिथे घातला.

पूल बांधणारे शिपाई

बेली पूल हे दुसऱ्या महायुद्धातलं अपत्य. ब्रिटिश अभियंता डोनाल्ड बेली यांनी त्याचा असा आराखडा काढला की प्रत्येक चौकट सहा माणसांनी हातानं उचलून न्यावी आणि क्रेनशिवाय जोडावी. शत्रूच्या गोळीबारात नदी ओलांडायची म्हणून जन्मलेली ही वस्तू भारतात गाजली ती रेल्वे स्टेशनावरही.

29 सप्टेंबर 2017 ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. 23 माणसं गेली. महिनाभरानं संरक्षणमंत्री, रेल्वेमंत्री आणि मुख्यमंत्री तिघेही तिथे एकत्र आले आणि एल्फिन्स्टन रोड, करी रोड, आंबिवली अशा तीन ठिकाणचे पादचारी पूल लष्कर बांधेल, असं जाहीर झालं. फेब्रुवारी 2018 अखेर पूल तयार! मुंबईकरांनी जवानांचे आभार मानले आणि लगेच लोकल पकडली. पंजाबचे तेव्हाचे मुख्यमंत्री, पूर्वी लष्करात कॅप्टन असलेले अमरिंदर सिंग, मात्र चिडले. लष्कराचं काम युद्धाची तयारी करणं आहे, ते नागरी कामांना जुंपू नका, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं.

माझं मत विचाराल तर आभार मानणारे आणि चिडणारे दोघंही बरोबर. जवानांनी पूल बांधला याचं कौतुक व्हायलाच हवं. देशाच्या आर्थिक राजधानीत एक जिना बांधायला लष्कर का लागलं, हा प्रश्न मात्र रेल्वेला आणि महापालिकेला विचारायचा राहून जातो. टाळ्यांच्या कडकडाटात तो ऐकूच येत नाही.

याआधीही हेच झालं होतं. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर दिल्लीत मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. लष्करानं काही दिवसांत बेली पूल ठोकून दिला आणि आयोजकांची अब्रू राखली. 2016 मध्ये तर एका आध्यात्मिक संस्थेच्या महोत्सवासाठी यमुनेवर लष्करानं तरंगते पूल बांधले, आणि मग राज्यसभेत गदारोळ. खासगी कार्यक्रमाला जवान कसे काय? संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. पूल आपत्तीसाठी असला तर कुणी विचारत नाही, उत्सवासाठी असला की सगळे विचारतात. विचारायला तर दोन्ही वेळा हवं.

अंबाल्याची घरं, कॉफीची यंत्रं

जवानांना बांधकामाला जुंपण्यावरून संसदेत वाजण्याची परंपरा साठ वर्षांहून जुनी आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अंबाल्यात चौथ्या डिव्हिजनच्या जवानांना राहायला घरं नव्हती. डिव्हिजनचे प्रमुख जनरल कौल यांनी जवानांच्याच हातांनी जवळपास दीड हजार घरं बांधून घेतली. मोहिमेचं नाव ‘अमर’. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन खूश. टीकाकार म्हणाले, शिपाई विटा वाहायला लागले तर बंदूक कधी चालवणार? पुढे 1962 च्या चीन युद्धात नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, याच डिव्हिजनची दाणादाण उडाली. घरं बांधल्यामुळे हरलो असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण हिमालयात लढायला लागणारे कपडे, रस्ते, तोफा काहीच धड नव्हतं. पण टीकाकारांच्या हातात कोलीत मिळालं ते मिळालंच.

मेनन यांच्या काळातलं दुसरं गाजलेलं प्रकरण कॉफीचं. सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यांमध्ये रिकामी यंत्रं पडून राहू नयेत म्हणून तिथे कॉफी गाळायची उपकरणं बनू लागली. विरोधकांना याहून सोपा फुलटॉस मिळाला नसता.

मेनन आणि संसदीय चौकशी यांचं नातं त्याहून जुनं. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी ते लंडनहून जुन्या जीपगाड्या मागवत होते. 155 आल्या, आणि त्याही चालवण्याजोग्या नव्हत्या. लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले. 1955 मध्ये सरकारनं प्रकरण बंद झाल्याचं सांगून टाकलं आणि दोन वर्षांत मेनन थेट संरक्षणमंत्री झाले. त्यांना निवडून कुणी दिलं? उत्तर मुंबईनं! 1957 ला दिलं आणि 1962 ला पुन्हा, तेही आचार्य कृपलानींना पाडून. कृपलानी काही गप्प बसणारे नव्हते. 1963 मध्ये अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र भारताच्या संसदेतला पहिला अविश्वास ठराव आणला. बाजूनं 62, विरोधात 347. ठराव पडला, पण चीन युद्धाचा हिशेब चार दिवस सभागृहात उघडा पडला.

165 वक्ते आणि एक न वापरलेला नियम

लोकसभेच्या नियमांत 248 क्रमांकाचा एक नियम आहे, गुप्त बैठकीचा. सभागृह नेत्याच्या विनंतीवरून अध्यक्ष ती ठरवतात आणि बाहेरच्या कुणालाही आत थांबता येत नाही. हा नियम आजवर एकदाही वापरलेला नाही. नोव्हेंबर 1962 मध्ये, चीनची फौज खाली उतरत असताना, गुप्त बैठक घ्या अशी सूचना आली होती. नेहरूंनी नकार दिला. देशाला माहीत असायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मग 8 ते 14 नोव्हेंबर अशी चर्चा झाली आणि तिच्यात 165 सदस्य बोलले. युद्ध चालू, आणि पत्रकार कक्षात बसून सगळं टिपून घेतायत!

त्यानंतर आठवड्याभरात, 21 नोव्हेंबरला, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य मराठी माणसाला तोंडपाठ आहे. योगायोग असा की चीननं एकतर्फी जाहीर केलेली शस्त्रसंधी लागू झाली तीही त्याच दिवशी. म्हणजे सह्याद्री पोहोचला तेव्हा गोळीबार थांबला होता, आणि खरं अवघड काम उरलं होतं: का हरलो, ते शोधणं आणि त्यातलं संसदेला किती सांगायचं ते ठरवणं. यशवंतराव नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले आणि 2 सप्टेंबर 1963 ला त्यांनी सभागृहात या पराभवाच्या हेंडरसन ब्रूक्स चौकशीचे निष्कर्ष मांडले. प्रशिक्षण, साहित्य, वरिष्ठांचं नेतृत्व यांतल्या उणिवा कबूल केल्या, अहवाल मात्र कपाटातच ठेवला. तो अजून तिथेच आहे. 2010 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितलं की त्यातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. 2014 मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा एक मोठा भाग इंटरनेटवर टाकला. जगानं वाचला, सरकारी दप्तरी तो गोपनीयच राहिला.

शंभर रुपये कापा

आता पैशाकडे. स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प 26 नोव्हेंबर 1947 चा. एकूण खर्च 197 कोटी 39 लाख, त्यात संरक्षणाला 92 कोटी 74 लाख. रुपयातले जवळपास 47 पैसे. 2025-26 ची संरक्षणाची तरतूद होती 6 लाख 81 हजार कोटींच्या वर.

एवढी रक्कम मंजूर करताना खासदाराला एक मजेदार हत्यार दिलेलं आहे, कपात सूचना. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा, असं सुचवायचं. एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करा, असं सुचवायचं. लाखो कोटींतून शंभर रुपये! सरकार ही सूचना हरलं तर मात्र नाचक्की, कारण सभागृहाचा विश्वास उडाल्यासारखं ते असतं. म्हणून शंभराच्या नोटेसाठीही व्हिप निघतो.

प्रत्यक्षात ही वेळच क्वचित येते. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी अध्यक्ष गिलोटिन लावतात आणि चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या एका दमात मंजूर होतात. मार्च 2018 मध्ये लोकसभेनं गोंधळात, चर्चेशिवाय, साधारण अर्ध्या तासात अख्खा अर्थसंकल्प उरकला. संरक्षणही त्यातच. शेजारच्या सोसायटीत रंगकामाच्या खर्चावर याहून जास्त वेळ भांडण चालतं.

बंद दाराआडचे 31 जण

मग छाननी होते कुठे? संरक्षणविषयक स्थायी समितीत. 1993 पासून ही समिती आहे. लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. मंत्र्याला तिचा सदस्य होता येत नाही. तिच्यापुढे येऊन उत्तरं देतात ते सचिव आणि तिन्ही दलांचे अधिकारी. बैठक बंद दाराआड, म्हणून कॅमेऱ्यासाठी ओरडायचं कारण उरत नाही आणि पक्षाचे झेंडेही जरा खाली येतात. शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, पण काय केलं याचं लेखी उत्तर द्यावं लागतं.

या समितीचा मार्च 2018 चा अहवाल वाचनीय आहे. अध्यक्ष होते भुवनचंद्र खंडुरी, सत्ताधारी भाजपचेच, आणि स्वतः निवृत्त मेजर जनरल. त्यांच्यापुढे उपलष्करप्रमुखांनी साफ सांगितलं: लष्कराकडची 68 टक्के सामग्री जुनाट झालेली, अत्याधुनिक फक्त 8 टक्के. आधुनिकीकरणाला मिळाले 21,338 कोटी, आधीच्या करारांचे हप्तेच 29,033 कोटींचे. अहवालात हे सगळं छापून आलं आणि मथळे झाले. सप्टेंबरात समितीला नवे अध्यक्ष मिळाले.

डिसेंबर 2020 चा प्रसंग वेगळाच. समितीत तिन्ही दलांच्या गणवेशावर चर्चा चालली होती. राहुल गांधी म्हणाले, सीमेवर चीन आहे आणि आपण कपड्यांवर वेळ घालवतोय. आणि ते उठून गेले. आता त्याच वर्षी फेब्रुवारीत संसदेत मांडलेला कॅगचा अहवाल बघा. सियाचिन आणि लडाखमधल्या जवानांना बर्फातले गॉगल पुरेसे नव्हते, आणि नोव्हेंबर 2015 ते सप्टेंबर 2016 या काळात नवे बूट न मिळाल्यानं जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले. चीनचा विषय मोठा खरा, पण चीनसमोर उभं राहायचं ते बुटातच ना! कपड्यांची बैठक सोडून जायला नको होती, आणि ती नुसती रंग-पट्ट्यांवर घालवायलाही नको होती.

कॅग हा लोकलेखा समितीचा डोळा. या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची प्रथा 1967 पासूनची. पहिला मान मिळाला मुंबईत जन्मलेल्या मिनू मसानींना, पक्षाचं नाव ‘स्वतंत्र’. पण डोळ्यावर कधीकधी पट्टी येते. फेब्रुवारी 2019 मधल्या राफेलवरच्या अहवालात कॅगनं सांगितलं की करार आधीच्या देकारापेक्षा 2.86 टक्के स्वस्त पडला, मात्र किमतीचे आकडे झाकलेले. टक्के सांगितले, रुपये नाहीत. बोफोर्स तोफांच्या वेळी तर संयुक्त संसदीय समितीवर विरोधकांनी बहिष्कार घातला आणि 1989 मध्ये कॅगचा अहवाल आल्यावर घाऊक राजीनामे देऊन ते लोकसभेबाहेर पडले. तोफ मात्र दहा वर्षांनी कारगिलात अशी चालली की तिच्याबद्दल कुणाची तक्रार उरली नाही. तक्रार दलालीची होती. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आजही लोकांना समजावून सांगावं लागतं.

ट्रेन, टँकर आणि रोपटी

1974 च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिसांनी रेल्वे संपाची हाक दिली. गाड्या चालू ठेवायला प्रादेशिक सेनेच्या रेल्वे पलटणी उतरवल्या गेल्या. हो, अशा पलटणी असतात, रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांच्या. तेल कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांच्याही आहेत. पुढे 1998 मध्ये तेच जॉर्ज संरक्षणमंत्री झाले. सियाचिनसाठीच्या बर्फावरच्या स्कूटरची फाइल मंत्रालयात रेंगाळली, तेव्हा त्यांनी संबंधित अधिकाऱ्यांना सियाचिन बघून या म्हणून पाठवलं. फाइल हलली. 2001 मध्ये मात्र कारगिलमधल्या शवपेट्यांच्या खरेदीवर कॅगनं बोट ठेवलं आणि विरोधक त्यांचं भाषणच ऐकायला तयार होईनात. जॉर्ज उठले की ते सभात्याग करायचे.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, हवाई दलाची विमानं ऑक्सिजनचे टँकर उचलत होती, पण रिकामे! द्रवरूप ऑक्सिजन भरलेला टँकर विमानात नेणं धोक्याचं. म्हणून जाताना रिकामा टँकर आकाशातून, आणि येताना भरलेला रेल्वेनं किंवा रस्त्यानं.

27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सुमारे 1,050 प्रवासी बाहेर काढले. काढणाऱ्यांत नौदल संरक्षण मंत्रालयाचं आणि एनडीआरएफ गृह मंत्रालयाचं. एकाच डब्याच्या दारातली ही दोन माणसं संसदेत दोन वेगळ्या समित्यांना उत्तरदायी! पुण्याजवळ सुदुंबऱ्यात एनडीआरएफची बटालियन आहे, तिला लोक सर्रास ‘मिलिट्री’ म्हणतात. निवडणुकीत गडचिरोलीच्या जंगलात मतदान कर्मचाऱ्यांना सोडणारं हेलिकॉप्टर मात्र खरोखरच हवाई दलाचं असतं.

छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटशी जोडलेली प्रादेशिक सेनेची एक पर्यावरण पलटण आहे, क्रमांक 136. कामगिरी: उजाड डोंगरांवर झाडं लावणं आणि जगवणं. अशी देशातली पहिली पलटण 1982 मध्ये मसुरीच्या खाणींनी बोडक्या केलेल्या टेकड्यांसाठी उभी राहिली.

आणि गाई. इंग्रजांनी 1 फेब्रुवारी 1889 ला अलाहाबादेत पहिलं लष्करी गोपालन केंद्र काढलं, कारण गोऱ्या पलटणींना स्वच्छ दूध हवं होतं. पुढे देशभर अशी केंद्रं झाली, पिंपरीकरांना त्यांच्या वस्तीजवळचं मिलिटरी डेअरी फार्म ठाऊकच आहे. पर्रीकरांनी 2016 मध्ये लेफ्टनंट जनरल द. ब. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली: लष्कराचा कुठला खर्च लढाईच्या कामाचा नाही, ते शोधा. समितीनं बऱ्याच गोष्टींवर बोट ठेवलं आणि त्यात गाईही सापडल्या. पाकीटबंद दूध कोपऱ्यावर मिळत असताना सैन्यानं गोठा का सांभाळावा? 31 मार्च 2021 ला, 132 वर्षांनी, लष्करी गोठे अधिकृतपणे बंद झाले. जनावरं सरकारी खात्यांना आणि सहकारी दूधसंघांना नाममात्र किमतीत देण्यात आली, आणि गोठ्यांमधले कर्मचारी मंत्रालयातच दुसऱ्या कामांवर गेले.